आक्कानं वळवलेला रस्ता

सुशीलाआक्का बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबायची. डिचोलीजवळच्या आमच्या वाडीत तिचा सोपा रस्त्याला अगदी लागून. खाणीवरचा ट्रक आला की एक हात चहाच्या कपावर, पदर नाकावर आणि तोंड बंद. लाल धूळ खाली बसली की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू.

एकदा ती माझ्या बायकोला सांगत होती, "तुजो घोव काल बाजारात एका बायलेवांगडा..." आणि नेमकी ट्रकांची रांग लागली. वाक्य 'एका बाईबरोबर'पाशी अडकलेलं, आणि रांग संपेपर्यंत माझा संसार टांगणीला! शेवटी आक्का म्हणाली, "...भांडत होतो. वांगी किडकी म्हणान."

मी शेजारचा शिंपी. पांढरा शर्ट शिवायला घ्यावा आणि गिऱ्हाइकाला तांबडा द्यावा, अशी आमची गत. पण मी आपला नुसता चरफडायचो. आक्का चरफडणाऱ्यांतली नव्हे. गोवा घटक राज्य झालं तो काळ. गावात मराठी की कोकणी यावर हमरीतुमरी चालायची. आक्का ट्रकांना दोन्ही भाषांतून शिव्या घालायची. पक्षपात नाही! शाळाही याच रस्त्यावर होती, आणि खोकत घरी जाणारी पोरं तिला बघवत नसत.

ती रस्तेवाल्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "ट्रक कुठून जावेत ते आम्ही ठरवतो. धूळ आमच्याकडे येत नाही." हवेवाले साहेब म्हणाले, "हवा आमची, पण ट्रकांचं आम्हांला विचारू नका." आक्का "बरां" म्हणाली आणि दोघांनाही एकाच दिवशी जेवायला बोलावून आली. एकमेकांना पत्ता लागू न देता!

पानं मांडली रस्त्याकडच्या सोप्यावर. भात वाढला, माशाचं हुमण वाढलं, आणि धडधडत ट्रक आले. भात बघता बघता तांबूस झाला. साहेबांचे हात पानावरच थबकले.

"जेवा मरे," आक्का म्हणाली. "रस्तो ह्या सायबाचो, वारो त्या सायबाचो. मगे दोनय एकाच पानात कशे येतत?"

दोघे साहेब पानावरून उठले. आत आक्कानं दुसरं जेवण झाकून ठेवलं होतं. चुलीपाशी बसून ते जेवले, आणि सोलकढी पिता पिता ठरलं की ट्रक डोंगरामागच्या वाटेनं न्यायचे, शाळेपासून लांब. काय बाई होती ती!

पण एक गोष्ट मला सलत होती. तिचा एकुलता लेक पांडू खाणीवरचाच ट्रक चालवायचा. लग्न झाल्यावर तो वाळपईला राहायला गेला होता. सणावारालाही येणं नाही. ट्रक घेऊन दारावरून जाईल तेवढंच त्याचं दर्शन.

मी म्हटलं, "आक्का, रस्तो वळलो तर पांडू दिसाचो नाय गे."

"माका ठावक असा," ती म्हणाली. "म्हणान काय पोरांनी खोकत रवाचा?"

रस्ता वळला. माझे शर्ट पांढरे राहू लागले, शाळेची दारं उघडी राहू लागली. गावानं नारळ देऊन आक्काचा सत्कार केला. नारळ घेऊन ती घरी गेली, आणि मग दुपारी सोप्यावर दिसेनाशी झाली.

पुढे एकदा कामानिमित्त मी डोंगरामागून येत होतो. बघतो तर नव्या रस्त्याच्या कडेला, काजूच्या झाडाखाली आक्का! केस, भुवया, लुगडं, सगळं लालेलाल.

"अगे आक्का, हंय धुळीत काय करतंस?"

"वारो खाऊक इलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात चढावर पांडूचा ट्रक आला. भरलेला ट्रक चढावर थांबवता येत नाही. आक्का उठून उभी राहिली. खिडकीतून एक हात हलला, तिनं दोन्ही हात हलवले, आणि ट्रक वळणापलीकडे गेला.

"पांडू बारीक झालो मरे," ती म्हणाली.

मला तर नुसती धूळच दिसली होती.