आरोप: हवामान

गेल्या रविवारी सकाळी, लोकांचा पहिला चहा व्हायच्या आत, सबनीस काकांना आमच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या बिल्डिंगमधल्या मराठी ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. आरोप: हवामान.

काका ग्रुपवर रोज सकाळी एकच ओळ टाकत. "आज जरा उघडलंय, नाही?" बस. ना गुलाबाची फुलं, ना सुविचार. आमचा ॲडमिन निखिल, नागपूरचा सॉफ्टवेअरवाला, लगेच खाली फोनवरचा अंदाज चिकटवायचा: दिवसभर पाऊस. काका लिहायचे, "हो, तसंही दिसतंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलेलंच. शेवटी निखिल वैतागला. "यार, ग्रुप कामासाठी आहे. हवा बघायला सगळ्यांकडे खिडकी आहे!" त्याच ग्रुपवर लोक वापरलेले सोफे विकतात. ते मात्र काम.

काकांची हयात इंग्लंडात, लेस्टरला गेली. मुलाकडे इथे आले ते एक छत्री आणि तिथली एक सवय घेऊन: माणूस दिसला की आधी हवेबद्दल बोलायचं. इथली माणसं "हाऊ आर यू" विचारतात आणि उत्तर यायच्या आत गाडीत बसतात. काका टपालपेट्यांपाशी उभे राहून त्यांच्या बंद काचेला सांगतात, "वारा पडलाय जरा."

मी युनिव्हर्सिटीत शिकते आणि उरलेल्या वेळात भांडते. हिवाळ्यात बिल्डिंगचं हीटिंग बंद पडलं तेव्हा पत्रकं घेऊन दारोदार फिरले. काकांनी दार उघडलं ते दोन स्वेटर आणि कानटोपीत.

"काका, सही करा. गारठून मरतोय आपण!"

"हो ना, जरा गारवा आहे."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू सामानाच्या पिशव्या घेऊन जिना चढत आल्या. "बाई गं, काय उकडतंय!"

"हो ना," काका म्हणाले, "कोंदट आहे खरं."

मी भडकले. "काका, तुमची काही भूमिका?"

"अगं, हवेबद्दल भूमिका घ्यायची नसते. समोरच्याला हो म्हणायचं असतं."

अशा माणसाला घेऊन चळवळ कशी करायची, सांगा!

तरी त्या रविवारी मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. "काका, निषेध करू. पत्रक मी लिहिते." त्यांनी आधी चहा टाकला.

"लेस्टरला शेजारी एक म्हातारा इंग्रज होता," ते म्हणाले. "तुझी काकू गेली, त्यानंतर मी घराबाहेरच पडेना. एक दिवस त्याने दार वाजवलं. लालबुंद झालेला, शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, जरा उघडलंय, नाही?"

"मग?"

"धो धो पाऊस पडत होता गं. नखशिखांत भिजला होता तो. मी म्हटलं, हो. आणि आत घेतलं. मग रोज यायचा. काकूचं नाव आम्ही कधी काढलं नाही."

चहा गाळून झाल्यावर त्यांनी सवयीने फोन उचलला. ग्रुप उघडला. ओळ लिहायची जागाच गेली होती. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

निखिल, काकांना आजच्या आज परत घे. आणि हे वाचणाऱ्यांनो, सुटलात असं समजू नका. उद्या टपालपेट्यांपाशी काका तुम्हाला म्हणतील, "जरा उघडलंय, नाही?" बर्फ पडत असेल. फोन खिशातच ठेवा. हो म्हणा.