चारशे पावलांचं गाव

पेडणेकरांना लग्नाची पत्रिका दिली की ते मुहूर्त बघत नसत, हॉल कुठला ते बघत नसत. पत्रिका हातात तशीच धरून ते दोन प्रश्न विचारत. "माणसं किती?" आणि "स्टेशनपासून पावलं किती?" माझ्या लग्नाचं आमंत्रण करायला गेलो तेव्हा मी भोळेपणानं म्हणालो, साडेतीनशेच्या आसपास असतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे लग्न करून मी काहीतरी सार्वजनिक उपद्रव करतोय असं मलाच वाटायला लागलं. "आशीर्वाद आहेत," ते म्हणाले. "ते इथूनच पोचतील."

भांडुपला पूर्वेकडे आमची तीन मजली गॅलरीवाली इमारत. लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. मी पहिल्या मजल्यावर आणि पेडणेकर तिसऱ्यावर, शेवटच्या खोलीत. सरकारी गोदामात स्टोअरकीपर, वय पन्नाशीच्या अलीकडे, लग्न नाही. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण आक्का. अशा माणसाला गर्दीचा इतका तिटकारा असेल तर त्यानं मुंबईत का राहावं, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, राहतोय कुठे, मी फक्त निघायची तयारी करतोय.

ही तयारी अकरा वर्षं चालली होती. पेडणेकरांना एक सहल काढायची होती. समुद्रकाठचं लहानसं गाव हवं, गर्दी नको, आणि मुख्य म्हणजे सगळं पायी जाण्यासारखं हवं. उतरायची खोली, खाणावळ, देऊळ, समुद्र, सगळं. त्यासाठी त्यांनी एक जाडजूड वही केली होती. कोकणातली कितीतरी गावं त्या वहीत नापास होऊन पडली होती. एका गावाला समुद्र होता, पण वाटेत चढ होता. दुसऱ्या गावी चढ नव्हता, पण शनिवारचा बाजार भरायचा. तिसऱ्याच्या नावापुढे नुसतं "शाळांच्या सहली येतात" असं लिहून खाली लाल रेघ मारली होती.

शेवटी मुरवंडी नावाचं एक गाव पास झालं. तिथल्या पोस्टमास्तरांशी पेडणेकरांचा जोडकार्डानं पत्रव्यवहार सुरू झाला. जोडकार्डाच्या एका अर्ध्यावर आपण प्रश्न लिहायचा आणि दुसरं अर्धं फाडून समोरच्यानं त्यावर उत्तर धाडायचं. पेडणेकरांनी विचारलं, "सोमवारी दुपारी चार वाजता किनाऱ्यावर अंदाजे किती इसम असतात?" उत्तर आलं, "तीन. त्यांपैकी एक मी." पेडणेकरांनी पुन्हा विचारलं, "गुरे धरून की सोडून?" उत्तर आलं, "गुरे मोजलेली नाहीत. जरुरी असल्यास मोजून कळवितो." हे कार्ड त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. त्या पोस्टमास्तरात त्यांना आपला माणूस भेटला होता.

मग पावलांचा प्रश्न निघाला. खोलीपासून समुद्रापर्यंत पावलं किती, हे मास्तरांनी आधी एकशे चाळीस असं कळवलं होतं. पेडणेकरांनी लगेच दुसरं कार्ड टाकलं, "पाऊल एक वितीचे धरून पुन्हा चालून पाहावे." मास्तर बिचारे वीतभर पावलं टाकत भर दुपारी समुद्रापर्यंत गेले. त्यांचं उत्तर मला पाठ आहे. "चारशे बारा. लोक हसले."

वीतभर पाऊल हे आक्कांचं होतं. पेडणेकरांनी गॅलरीत टेप लावून मोजलं होतं.

आक्का सोळाव्या वर्षी गावाहून आल्या आणि गिरणीत लागल्या, वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. तिथं दिवसभर उभं राहायचं. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं. सव्वीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे गेले. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि आक्का जे घरी बसल्या ते बसल्याच. घरात भिंतीला धरून वीत वीत चालायच्या. त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी मला स्वतः सांगितली होती. मी एकदा म्हटलं, आक्का, त्यात काय, टॅक्सी करून चौपाटीला नेऊन आणतो तुम्हाला. त्या म्हणाल्या, "ती जत्रा रे. तिकडे समुद्र खंय दिसता? माका आपल्या पायान जावन पाण्यात उभ्या रवाचा आसा. उचलून नेलेला नको."

उचलून नेलेलं नको, ह्यामागे एक प्रकार घडला होता. जिना उतरायचा तर आक्कांना बसून, एकेक पायरी घसरत उतरावं लागे. चार वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या तावडेकाकूंच्या हळदीकुंकवाला त्या अशाच निघाल्या. आमची इमारत प्रेमळ. तिसऱ्या पायरीपर्यंत सहा बायका मदतीला धावल्या, दोघींनी बगलेत हात घातले, एकीनं साडी सावरली, आणि सगळी पोरं कठड्याला लटकून बघत राहिली. आक्का म्हणाल्या, मेणबत्ती विसरले, आणि वर गेल्या. हळदीकुंकवाला मेणबत्ती कशाला, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. डॉक्टरसुद्धा वर येत.

पेडणेकरांच्या वहीच्या मागच्या पानांवर आमच्या जिन्याचं वेळापत्रक होतं. साडेचारला दूधवाला, पाचला पाणी, सहाला पहिल्या पाळीवाले, सातला शाळा. दुपारी बायका पायऱ्यांवर बसून तांदूळ निवडायच्या, संध्याकाळी मुलांचं क्रिकेट, रात्री उकाड्यानं लोक अंथरुणं घेऊन गॅलरीत. चोवीस तासांत जिना मोकळा असा नव्हताच. पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा मी घरी येऊन बायकोला सांगितलं की पेडणेकरांचा एक स्क्रू ढिला झालाय. आम्ही दोघं पोट धरून हसलो. ते हसणं मला आता आवडत नाही.

आणि मग मी तो पराक्रम केला.

इमारतीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून त्या डिसेंबरात तीन दिवसांची सहल काढायचं ठरलं. सहल समितीचा प्रमुख मी. गच्चीवर सभा भरली. कुणी धरण म्हणालं, कुणी देवस्थान, आणि दोन तासांत काही ठरेना. सगळे कंटाळले होते, मला घरी जेवायचं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुरवंडी. झकास समुद्र आहे, सगळं पायी, आणि गर्दी अजिबात नाही." गर्दी नाही म्हटल्यावर लोकांची झुंबड उडाली. जागच्या जागी एकतीस नावं आली.

पेडणेकर पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. ते हळूच खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला वर गेलो. ते कामावर गेले होते. आक्कांनी दार उघडलं, चहा केला, आणि मी बोलायच्या आधीच म्हणाल्या, "असांदे रे. गावाक पण माणसां होयीच." पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. खुंटीवर एक नवीन सुती साडी घडी करून टांगलेली होती, तिच्याकडे होतं. मी चहा कसाबसा संपवला. अकरा वर्षांचं गाव मी दोन मिनिटांत वाटून टाकलं होतं आणि परत घ्यायची काही सोय नव्हती.

आठ दिवस पेडणेकरांनी मला तोंड दाखवलं नाही. नवव्या दिवशी वही काखोटीला मारून स्वतः माझ्या दारात हजर. म्हणाले, सहलीला सगळे चाललेत ना? मी म्हटलं, बहुतेक. "बहुतेक नको," ते म्हणाले. "एकही घर मागे राहता कामा नये."

मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे. त्यांनी खोल्यांची सोय सांगितली, खाणावळीचं नाव दिलं, पोस्टमास्तरांना कार्ड टाकलं. मग आयुष्यभर गर्दीपासून पळणारा हा माणूस दारोदार फिरून गर्दी जमवायला लागला. कांबळे मास्तरांना सहामाहीचे पेपर तपासायचे होते, त्यांना सांगितलं की समुद्रावर पेपर पटापट तपासून होतात. मास्तर म्हणाले, पेडणेकर, तुम्ही तर विमा एजंटासारखे मागे लागलात. पण गेले. तावडेकाकू तुळशीसाठी अडून बसल्या होत्या, तीन दिवस पाणी कोण घालणार म्हणून. पेडणेकर म्हणाले, "मी घालतो. तुम्ही निर्धास्त जा." जो माणूस स्वतः सहलीला निघालाय तो भांडुपच्या तुळशीला पाणी कसा घालणार, हे तावडेकाकूंच्या ध्यानात आलं नाही. समितीच्या प्रमुखाच्याही आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला बस हमरस्त्यावर उभी राहिली, आमच्या गल्लीत ती वळत नव्हती. पेडणेकर दाराशी उभे राहून प्रत्येकाला चढवत होते. सगळे चढल्यावर म्हणाले, आक्काला जरा कणकण आहे, आम्ही मागाहून एसटीनं येतो. कुणाला वाईट वाटलं, कुणी जागा मोकळी झाली म्हणून पाय पसरले. पेडणेकरांनी बसमध्ये चढून शेवटच्या बाकापर्यंत माणसं मोजली, उतरले, आणि झपाझप घराकडे गेले.

टपावर सामान बांधण्यात आणखी अर्धा तास गेला आणि गाडी सुटणार तेवढ्यात लक्षात आलं की स्टोव्ह घेतलाय पण स्टोव्हची पिन घरीच राहिली. पिनेशिवाय सेहेचाळीस माणसांचा चहा होणं अशक्य. ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबवून मी पळत इमारतीत आलो.

अशी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. कुठेतरी नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला, "एकोणतीस." मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "तीस."

मी कठड्याच्या फटीतून वर पाहिलं. आक्का पायरीवर बसल्या होत्या. ती खुंटीवरची नवी साडी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. दोन पायऱ्या खाली पेडणेकर, तोंड त्यांच्याकडे करून, उलटे उतरत होते. हात लावत नव्हते. नुसते दोन्ही हात पुढे धरून होते.

"दत्तू," आक्का म्हणाल्या, "कोण बघता काय रे?"

"कोणी नाही आक्का. मोजून पाठवलेत. सेहेचाळीस."

त्या सेहेचाळिसांतला एक खाली उभा होता. मी चपला काढल्या, आवाज होऊ नये म्हणून. मागे मागे सरकत दारापर्यंत आलो आणि मग जो सुटलो तो बसपर्यंत थांबलो नाही. बसमध्ये सगळ्यांनी विचारलं, पिन? मी म्हटलं, सापडली नाही. आपण अनवाणी आहोत हे मला मुलुंड गेल्यावर कळलं.

मुरवंडी खरोखर सुंदर होतं, आम्ही पोचेपर्यंत. पोस्टमास्तर स्वतः वाटेवर उभे होते. खोलीपासून समुद्रापर्यंतच्या वाटेवर, बरोबर मध्यावर, त्यांनी पोस्टातलं एक बाक आणून ठेवलं होतं. दोनशे सहाव्या पावलावर, ते म्हणाले, आक्कांना दम खायला. ते सगळ्या बायकांच्या तोंडांकडे बघत होते. मी सांगितलं, यंदा जमलं नाही त्यांना. ट्रान्झिस्टर लागला, क्रिकेट सुरू झालं, भेंड्या सुरू झाल्या. तावडेकाकूंनी त्या बाकावर ओलं लुगडं वाळत घातलं तेव्हा मी नको इतक्या जोरात ओरडलो की ती जागा राखीव आहे. मला माझीच लाज वाटत होती, आणि तिचा राग काढायला दुसरं कुणी सापडत नव्हतं. तीन दिवस मी अनवाणी हिंडलो. पायाला फोड आले ते बरंच झालं.

परत आलो तर पेडणेकर फाटकाशी उभे. तुळस टवटवीत होती. लोक वळकट्या घेऊन वर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "गर्दी होती?"

"होती," मी म्हटलं. "आम्हीच होतो." मग धीर करून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "इथं माणसं किती?"

"दोन."

"आणि पावलं?"

 पहिल्या दिवशी आक्का इमारतीच्या चौकातच बसल्या, ते म्हणाले. तुळशीला पाणी त्यांनीच घातलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि रस्ता संपतो तिथपर्यंत, मिठागरांकडे गेले. पुढे बांधावरून खाडीपर्यंत आक्का आपल्या आपण चालल्या. "नव्वद पावलं. भरतीची वेळ मी बघून ठेवली होती. अर्धा तास उभी होती पाण्यात. मागच्या दाराचा का होईना, समुद्रच ना रे तो?"

मी होय म्हणालो. 

त्यांनी पाठीमागे धरलेला हात पुढे केला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या चपला होत्या. "जिन्याखाली राहिल्या होत्या," ते म्हणाले. "आक्का म्हणाली, चपलो काढून गेलो, म्हणजे पोरगो बरो आसा." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी वही उघडली. म्हणाले, पुढच्या वर्षी चार दिवसांची सहल निघेल का बघ. तीन जरा कमी पडतात.

तेव्हापासून आमची सहल चार दिवसांची असते. मुरवंडी सोडून कुठेही जातो. महिनाभर आधी मी दारोदार फिरतो, आजारी माणसांना हवाबदल सुचवतो, पेपर तपासणाऱ्यांना समुद्राचे फायदे सांगतो. लोक म्हणतात, ह्याला सहलीचं वेड लागलंय. म्हणोत. एकही घर मागे राहता कामा नये.