कुलूपबंद बिस्किटं

"फोनवरून? माझी कृती?" आईने लाटणं असं उगारलं की तिची मुलगी चिमणी दोन पावलं मागेच सरकली. "आणि मधे कोणी वाचली म्हणजे?"

आईची बेकरी होती, आणि तिच्या आल्याच्या बिस्किटांची कृती अकरा वर्षं फक्त तिच्या डोक्यात होती. समोरचा बेकरीवाला तितकीच वर्षं त्या कृतीवर डोळा ठेवून होता. आता दुसऱ्या गावात धाकट्या मावशीची बेकरी शनिवारी उघडणार होती आणि तिला पहिल्याच दिवशी हीच बिस्किटं मांडायची होती. पाठवणं भागच होतं.

पंधरा वर्षांच्या चिमणीने एक रिकामा डबा ओट्यावर आपटला. "हे बघ. समज, मावशीने तुला उघडं कुलूप पाठवलंय. किल्ली तिच्याचकडे. तू कृती डब्यात टाकलीस, कुलूप दाबलंस, खट्! आता वाटेत डबा कोणाच्याही हाती लागू दे, उघडेल फक्त मावशीकडे. कुलूप लागल्यावर तुलासुद्धा उघडता येणार नाही. फोनमधलं एन्क्रिप्शन म्हणजे हेच."

"मलासुद्धा नाही?" आई भलतीच खूश झाली. "मग पाठवते!"

पण हात कोपरापर्यंत पिठात. "तू नुसतं बोल, फोन लिहून घेतो," असं सांगून चिमणी दप्तर आणायला वर गेली. भट्टीच्या घरघरीत फोनला धड ऐकू येईना, म्हणून आईने आवाज चढवला.

"लोण्याचं एक पाकीट! मैदा चार कप! अरे चार, चारशे नाही! आल्याचा रस दोन चमचे!"

चिमणी धडाधड जिना उतरली ती थेट दुकानात. भट्टीची खोली आणि दुकान यांच्या मधली भिंत नुसती प्लायवूडची. रांगेतले सात जण श्वास रोखून उभे होते. एका आजीबाईंनी कागदी पिशवीवर लिहूनही घेतलं होतं. आणि सर्वांत पुढे, समोरचा बेकरीवाला.

"चिमणे," तो मधाळ आवाजात म्हणाला, "रस दोनच चमचे ना गं?"

चिमणी रडकुंडीला आली. "आई, कुलूप पक्कंच होतं गं! पण डब्यात टाकायच्या आधीच तू सगळ्यांना वाचून दाखवलंस!"

दुसऱ्या दिवशी समोरचा बेकरीवाला तणतणत आला आणि त्याने एक बिस्कीट काउंटरवर आपटलं. टक्क! "बाई, ही काय बिस्किटं म्हणायची? भिंत बांधता येईल!"

आईचा चेहरा असा काही खुलला! तेवढ्यात मावशीचा फोन. "ताई, माझीपण दगड झालीत गं! उद्या शनिवार आहे!"

आईने घाईघाईने पीठ मळायला घेतलं, आपलं काही चुकलंय का पाहायला. चिमणी बघत राहिली. आईने मैद्याच्या पिंपातून एक कप काढला. कान तुटलेला, एवढासा.

"या कपाने मोजतेस?"

"मग कुठल्या? कप म्हणजे हाच कप."

"मावशीचा याच्या दीडपट आहे! सगळ्यांचाच आहे! आई, अगं, ही तुझी किल्ली! ही नसेल तर कृती ऐकूनही कोणाला काही जमायचं नाही. थांब, वजन करून मावशीला कळवू."

"काही नको. आकडा माझ्या तोंडून निघायलाच नको." आईने कप रुमालात गुंडाळला आणि बस पकडली. मावशीच्या हातात तो देताना तिने बजावलं, "कोणीही माप मागू दे, अगदी माझं नाव सांगून मागू दे, द्यायचं नाही."

शनिवारी मावशीकडची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. रविवारी सकाळी आई मिरवतच परतली, एप्रन बांधला, पिंपात हात घातला आणि तशीच थिजली. कप मावशीकडेच राहिला होता. दुकान उघडायला एक तास.

मोठ्याने बोलायची आता तिने धास्तीच घेतली होती. एका बोटाने तिने लिहिलं, "धाकटे, त्या कपात किती ग्रॅम मैदा मावतो ते कळव. ताई."

उत्तर आलं, "तू ताईच कशावरून?"

"अगं, मीच आहे!"

"असं कोणीही लिहील. सांग बघू, माझ्या बाहुलीचा हात कोणी मोडला होता?"

चाळीस वर्षं आईने तो आळ शेजारच्या मांजरावर घातला होता.

"आई, भट्टी तापली," चिमणी म्हणाली.

आईने पिठाळ बोटाने लिहिलं, "मी."

माप लगेच आलं नाही. आधी आलं, "मला माहीतच होतं!" मग पुन्हा, "आता सॉरी म्हण." आईने तेही म्हटलं, आणि मग कुठे माप आलं. ते मात्र इथे लिहिता येणार नाही.