दाढ आणि चावीचे पाच तुकडे

निवृत्त न्यायाधीशांच्या उजव्या जबड्यात भुलीचं इंजेक्शन देऊन डॉक्टरीणबाई वळल्या, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. लगेच आलीही, पण संगणक सुरू झाला तो थेट चावी, म्हणजे लांबलचक पासवर्ड, मागत.

साहेबांच्या उजवीकडे तीन दाढा, तिन्हींवर टोप्या, वरून तिन्ही सारख्या. मूळ कुठलीचं चिरलंय ते फक्त एक्स-रेत दिसणार, आणि एक्स-रे कुलपात. नवा काढावा, तर तो उमटणार याच संगणकावर. साहेबांना विचारावं, तर त्यांनी "सगळ्याच ठणकतायत" असा निकाल आधीच दिलेला. आयुष्यभर लोकांना शिक्षा सुनावलेल्या माणसाची धडधाकट दाढ आपण उपटतोय, या नुसत्या कल्पनेनेच बाईंनी ट्रेमधली पकड दूर सारली.

ही व्यवस्था दिराची. तो संगणकातला माणूस. "वहिनी, पेशंटांची माहिती चोरीला गेली तर निस्तरता येणार नाही. चावीचे पाच तुकडे करतो, पाच चिठ्ठ्या. कुठल्याही तीन जुळल्या की कुलूप उघडेल." एकेक चिठ्ठी बाई, नवरा, दीर, सासूबाई आणि दवाखान्यातल्या मदतनीस मावशी यांच्याकडे.

बाईंनी आपली चिठ्ठी हरवेल या धास्तीने सासूबाईंकडे ठेवायला दिली होती. आता बाईंनी नवऱ्याला फोन लावला.

"माझी? आईकडे. माझ्याकडे छत्री टिकत नाही, चिठ्ठी काय टिकणार?"

मावशी खाली बघत पुटपुटल्या, "माझीपण आजींकडेच आहे हो."

मग बाईंनी दिराला फोन लावला. तो आधी खोकलाच. "वहिनी, रागावू नका. मी घर बदलत होतो ना..."

पाचही सासूबाईंकडे! हायसं वाटावं की धडकी भरावी, बाईंना कळेना. मावशींनी वरच्या मजल्यावरून सासूबाईंना खाली आणलं.

"माझ्याकडे एकही नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "सगळे तुकडे एका ठिकाणी ठेवणं धोक्याचं, असं तुझ्या दिरानेच सांगितलं होतं ना? मग दिले वाटून. विश्वासाच्या माणसांत."

"कुणाला?" बाईंचा आवाज चिरकला.

"औषधवाला, शेजारचा शिंपी. वाचनालयातली बाई, तिची बदली झाली. माझी मैत्रीण, ती गावाला गेलीय. आणि पाचवी... थांब हं, आठवते."

मावशी पळत जाऊन औषधवाल्याची चिठ्ठी घेऊन आल्या. शिंपी गळ्यात टेप घेऊन जातीने आला. "बरं झालं बोलावलंत. सुरक्षित राहील म्हणून एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात शिवणारच होतो!"

दोन झाल्या. सासूबाईंना पाचवी काही आठवेना. साहेब गालाला चिमटे काढून बघत होते. भूल उतरू लागली असावी. अखेर बाईंनी पकड उचलली, मधली दाढ धरायचं ठरवलं आणि मनातल्या मनात साहेबांची माफी मागितली.

साहेबांनी घाईघाईने हात वर केला. पाकीट काढलं, त्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "फाचवी," ते म्हणाले.

"अहो साहेब, मघाशीच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या थाथूबाईंनी थपथ घातली होती, कुनालाई थांगायचं नाई. पन ही पकड फाइली..."

कुलूप उघडलं. चिरलेलं मूळ मधल्या दाढेचं नव्हतंच, शेवटच्या दाढेचं होतं. ते बघून बाईंना दरदरून घाम फुटला. योग्य दाढ मात्र बिनबोभाट निघाली.

फोनवर दीर अजून होताच. "वहिनी, चिठ्ठ्या इतक्या हातांतून गेल्यात, आता चावी बदलावी लागणार. नवे पाच तुकडे कुणाकुणाला देऊ?"

शिंप्याला एकदम कुणाचं तरी माप घ्यायचं आठवलं. मावशी धुतलेली हत्यारं पुन्हा धुवायला लागल्या. साहेब गालात कापूस धरून केव्हाच जिना उतरले होते.

सासूबाईंनी तेवढा हात पुढे केला. "सगळे मला दे. आणि या खेपेला कुणाला वाटले, ते मी तुलासुद्धा सांगायची नाही."

इतकी वर्षं दुसऱ्यांना आ करायला सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच आ वासला.