धाकटीच्या गणिताचा घरगुती बंदोबस्त

“म्हणजे आता या घरात खोकायचंही नाही?” सासरे उशीत तोंड खुपसून पुटपुटले.

खोकायचं नाही. धाकटीचा गणिताचा तास सुरू होता.

गणित हा डोक्याचा विषय आहे, असा एक जुना गैरसमज आहे. घरबसल्या संगणकावर शिकायच्या गणिताला डोकं लागत नाही, बंदोबस्त लागतो. आमची धाकटी लेक एका प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस आहे. पदवीचा हा एवढा एक विषय सुटला तर नोकरी कायम, नाही सुटला तर वर्षअखेर घरी. याआधी दोनदा राहिला. तेव्हा या खेपेस आम्ही सगळ्यांनी पदर खोचला (ह्यांनी बाह्या सारल्या), आणि त्यातून जी पद्धत सिद्ध झाली, ती समस्त पालकवर्गाच्या माहितीसाठी देत आहे.

आधी जागा. अभ्यासाला शांत कोपरा हवा, म्हणून सासऱ्यांचा पलंग हलवला. उजेड डावीकडून यायला हवा असं नणंदेने फोनवर सांगितलं, म्हणून पुन्हा हलवला. (सासरे तेव्हा पलंगावरच होते. त्यांनी सहकार्य केलं.) मग पाठीला आणि मानेला टेकू देणारी खुर्ची आणली. पहिल्याच धड्याला धाकटीला तीत गाढ झोप लागली, यावरून खुर्चीचा दर्जा ध्यानात यावा.

त्यानंतर वेळापत्रक. ते रंगीत असल्याशिवाय मनावर ठसत नाही. निळ्यात नवा धडा, हिरव्यात उजळणी, पिवळ्यात विश्रांती आणि लाल रंगात प्रत्यक्ष गणितं सोडवणं. लाल पेन घरात नव्हतं, त्यामुळे ते रकाने तूर्त कोरे आहेत. बाकी वेळापत्रक भिंतीवर फार शोभून दिसतं.

खरी कसोटी हजेरीची. धडा चालू असताना मधूनच पडद्यावर विचारणा होते, “आपण उपस्थित आहात का?” लगेच बटण दाबावं लागतं. धाकटी कामावरून थकून येते, शिवाय पिवळा रंग पाळायचा असतो. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी सासरे (पलंगावरून, काठीच्या टोकाने), दुपारी मी, भांडी घासता घासता कोपराने, आणि संध्याकाळी हे, पेपरातून मान वर न काढता. घराची हजेरी शंभर टक्के भरली. धाकटीची स्वतंत्र मोजण्याचा करंटेपणा कोणी केला नाही. “वर्गातील सर्वांत जागरूक विद्यार्थिनी” असा महाविद्यालयाचा संदेश आला, तेव्हा सासऱ्यांचे डोळे पाणावले. कष्ट त्यांचेच होते.

(शंका विचाराव्यात, असंही सांगतात. परंतु शंका यायलाही आधी अभ्यास करावा लागतो असं निदर्शनास आल्याने तो भाग वगळला.)

परीक्षेला मात्र कॅमेऱ्यासमोर एकटीनेच बसायचं असतं. तिथे पाळी चालत नाही. म्हणून परीक्षेआधीच्या रविवारी आम्ही सगळे खुर्चीभोवती जमलो आणि रंगीत तालीम घेतली. ह्यांनी उजळणीतला पहिलाच प्रश्न खणखणीत आवाजात वाचला, “एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश?”

धाकटी बोटं मोजू लागली.

“अगं, हातचा मळ आहे हा!” हे म्हणाले. “वर एक नि एक दोन. खाली दोन नि तीन पाच. दोन पंचमांश!”

“बापाचं डोकं आहे,” सासऱ्यांनी दाद दिली.

मीही मान डोलावली. (वाचकांपैकी ज्यांनी डोलावली, त्यांनी संकोचू नये. आमच्याकडे बटणाची एक पाळी रिकामी आहे.)

“बाबा,” धाकटी हळूच म्हणाली, “अर्धा पेला पाणी आहे. त्यात मी आणखी ओतलं. मग ते अर्ध्याहून कमी कसं झालं?”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. सासऱ्यांनी काठी जवळ ओढली. मी वेळापत्रकाकडे पाहिलं. ते खरोखरच शोभून दिसत होतं.

“मग किती होतं गं?” शेवटी मीच विचारलं.

“माहीत नाही.”

सासरे खोकले. पोटभर खोकले. कोणी त्यांना गप्प केलं नाही.

“मला गणित येत नाही, आई,” धाकटी म्हणाली. “तुम्हालाही कोणाला येत नाही. आता कोणीतरी जाऊन ते लाल पेन आणा.”