साडेअकरा ग्रॅमची चिमणी

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालली तसं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांसाठी माफ करा आणि तावडे काकांसाठी पुढे वाचा.

तावडे काका विकतची भेट हातात घेत नाहीत. मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या समोरच्या खोलीत राहतात. दुसऱ्या मजल्यावर नवीन कुटुंब आलं, तेव्हा ते ओळख म्हणून काकांना भिंतीवरचं घड्याळ द्यायला आले. चकचकीत कागदात गुंडाळलेलं. काकांनी विचारलं, "यात तुमचं काय आहे?"

ते गृहस्थ गोंधळले. "म्हणजे? पैसे आमचे आहेत."

"मग पैसे पण ठेवा, घड्याळ पण ठेवा." एवढं बोलून काकांनी घड्याळ उघडलं, मागचा ढिला स्क्रू घट्ट केला, पुन्हा त्याच कागदात नीट बांधलं आणि परत दिलं. "आता दोन मिनिटं मागे पडणार नाय," म्हणाले.

काका मूळचे मालवणकडचे. इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. लग्न केलं नाही. कारखाना बंद झाला तसे रिकामे हात त्यांना खायला उठले आणि ते कागद, कापड, दोरे यांच्या मागे लागले. लोकांच्या खिशात पेन असतं, काकांच्या खिशात व्हर्निअर. म्हणजे बारीक माप घ्यायचं स्टीलचं हत्यार. त्याने ते राखीचा गोंडासुद्धा मोजतात.

शनिवारी दुपारी पॅसेजमध्ये चटई टाकून ते आम्हा बायकांना हाताने भेटवस्तू करायला शिकवतात. फुकट. पण पहिले तीन शनिवार फक्त कागद सरळ रेषेत कापायचा. चौथ्या शनिवारी पाकीट. मग बटणांचं फूल, उटण्याची पुरचुंडी, दोऱ्याची राखी. सगळं सोपं, नवशिक्यांना जमेल असं, पण काकांना पटेल असं करणं काही सोपं नाही. कुणी "चालेल ना काका?" असं म्हटलं की संपलं.

"चालेल म्हणजे काय? लंगडा पण चालतो! बसलं पाहिजे! फिट बसलं पाहिजे!"

शेजारची ज्योती तोंडाची फटकळ. ती म्हणते, "काका, म्हणून तुमचं लग्न नाही झालं. पोरगी बघायला जाताना ते हत्यार घेऊन गेला असाल."

"गेलो होतो," काका म्हणतात. "चहाच्या कपाचा कान वाकडा होता."

मी त्या वर्गात मागे बसायचे. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. तीन घरी पोळ्या लाटायला जाते, तिथेही "आले" आणि "निघते" एवढंच. पण हातांना काम असलं की बरं वाटतं.

यंदा माझ्या सानिकाला मुलगी झाली. सानिका माझ्या बहिणीची एकुलती एक. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आम्हाला मूल नाही, तिला आम्हीच वाढवलं. मालाडला चांगल्या घरात दिली. तिच्या डोहाळेजेवणाला मी बाळासाठी खेळण्यांचा एक डबा नेला होता. तिच्या मावससासूने तो उलटासुलटा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "असू दे, आपल्या पोळ्यावाल्या बाईच्या नातवाला होईल."

त्यांना ठाऊक नव्हतं मी काय काम करते. पण मला ठाऊक होतं ना.

म्हणून बारशाला जायचंच नाही असं मी ठरवलं. ताप आला म्हणून कळवायचं. हे मी ज्योतीला हळूच सांगत होते, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"गो सुमन," काका म्हणाले, "बारसं पुढच्या रविवारी. मग ताप शनिवारपासून येणार की डायरेक्ट रविवारी?"

मी मान खाली घातली. काकांनी सगळं विचारून घेतलं, डब्याचंही. मग म्हणाले, "घरात जुनं काय आहे?"

ट्रंकेत बहिणीची एक हिरवी साडी होती आणि सानिकाचा पहिलीतला पिवळा फ्रॉक. काकांनी दोन्ही उजेडाला धरून पाहिलं. "चिमणाळं कर," म्हणाले. "पाळण्यावर टांगायचं. दोन काड्या आडव्या-उभ्या, चार टोकांना चार चिमण्या. नवशिक्या माणसाला याच्याहून सोपी भेट नाय."

सोपी म्हणे! पहिली चिमणी झाली तेव्हा ज्योती म्हणाली, "सुमन, ही चिमणी की बटाटवडा?"

काका म्हणाले, "वडा असता तर बरा. निदान गोल असतो."

आठ दिवस मी पोळ्यांवरून आले की चिमण्या शिवायचे. शेवटी चार झाल्या, दोन हिरव्या, दोन पिवळ्या. काड्यांना बांधल्या तर चिमणाळं एका बाजूला कललं. "वजन," काका म्हणाले. "चल माझ्यासोबत."

मला वाटलं वाण्याकडे जाऊ. काका थेट बाजारातल्या सराफाच्या दुकानात शिरले. मी दाराशीच थबकले. आत बायका बांगड्या बघत होत्या.

"चिमण्या तोलायच्या आहेत," काका म्हणाले.

सराफ खुलला. "सोन्याच्या?"

"सुती."

सराफाने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, हिरवी चिमणी काट्यावर ठेवली. साडेअकरा ग्रॅम. दुसरी साडेअकरा. तिसरीही तेवढीच. चौथी निघाली चौदा.

"ही जेवून आलीय वाटतं," सराफ म्हणाला. बांगड्या सोडून बायका आमच्याभोवती जमल्या. काकांनी तिथेच तिचं पोट उसवायला लावलं. मी काट्यासमोर उभी राहून चिमटी-चिमटीने कापूस काढत होते आणि बायका ओरडत होत्या, "अजून थोडा! बस, बस!" साडेअकराचा आकडा आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

रविवारी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाजवळ आधीच उभे. रिक्षा आमच्या ह्यांचीच. "फिटिंग मी करणार," काका म्हणाले. "तू कशीतरी अडकवशील नि म्हणशील चालेल. काम झालं की मी खाली थांबतो. माका आमंत्रण नाय."

मालाडला पोचलो. काकांनी पाळण्याच्या वर चिमणाळं टांगलं, व्हर्निअर लावून चारी बाजू पाहिल्या आणि खाली निघून गेले. मी भिंतीला टेकून बसले. मावससासूबाई पाळण्याजवळ गेल्या, चिमण्यांना हात लावला. आता काय बोलतात, या भीतीने मी डोळे मिटले.

आधी आवाज आला तो सानिकाचा. "मावशी, ही आईची साडी ना? आणि हा माझा फ्रॉक?"

मी नुसती मान हलवली. सानिका रडायला लागली, तिची सासू डोळे पुसायला लागली, आणि मावससासूबाई सगळ्यांच्या वरताण. "अगं, असलं चिमणाळं आता बघायला मिळतं का कुठे! दृष्ट लागेल हो!" असं म्हणत त्यांनी पर्समधून काळ्या मण्यांची सर काढली आणि एका पिवळ्या चिमणीच्या गळ्यात बांधून टाकली.

झालं! ती चिमणी गेली खाली, समोरची गेली वर. सगळं चिमणाळं तिरकं. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. काकांनी हे पाहिलं तर?

नेमकी सानिका म्हणाली, "ज्यांनी लावलं त्यांना वर बोलाव ना. जेवल्याशिवाय नाही जायचं."

काका गेटवर वॉचमनशी बोलत उभे होते. "मला कशाला?" दोनदा म्हणाले. मग आले. दारातूनच त्यांना ते तिरकं चिमणाळं दिसलं. हात खिशाकडे गेला. बायकांनी भरलेली खोली, मध्ये पाळणा. काका तिथवर चालत गेले आणि वाकले.

बाळ त्या खाली आलेल्या चिमणीकडे टक लावून बघत होतं. पाय झाडत होतं.

काका बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग हात खिशातून रिकामाच काढला.

"चालेल," म्हणाले.

ही गोष्ट मी ज्योतीला सांगितली तर ती म्हणाली, "शपथ घे."

येताना रिक्षात अंधेरी आली तेव्हा काका म्हणाले, "इतकी वर्षं केलं गो. राख्या, तोरणं, टोपडी. सगळं माझ्या दारातून पिशवीत गेलं. ता खय पोचला, कोणाच्या घरी लागला, माका कधी दिसलाच नाय. आज पयल्यांदा बघितलं."

खरंच, आम्ही सगळ्या त्यांच्याकडून शिकून कुठे कुठे भेटी घेऊन गेलो. त्यांना चल म्हणायचं आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाळाचं नाव ओवी ठेवलं. सातव्या महिन्यात सानिकाचा फोन आला. "मावशी, उष्टावण आहे. पहिला घास मामाने भरवायचा असतो."

"तुला भाऊ कुठे?" मी म्हटलं. "आमच्या ह्यांना पाठवते."

"मावसा मामा होत नाही, मावशी. काकांना विचारशील? माझा भाऊ सहासष्ट वर्षांचा, म्हणून सांगेन सगळ्यांना."

मी समोरचं दार वाजवलं आणि निरोप सांगितला. काका कात्री हातात धरून नुसते उभे. मग आत गेले, बाहेर आले. "चमचा किती भरायचा असतो गो?" त्यांनी विचारलं.

उष्टावणाच्या शनिवारी वर्ग बंद होता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. काकांनी स्वतः शिवलेलं लाळेरं ओवीच्या गळ्यात बांधलं, तिला मांडीवर घेऊन खिरीचा घास भरवला. ओवीने तो जिभेवर घोळवला, विचार केला आणि फुर्रकन उडवून दिला. लाळेरं कोरडंच राहिलं, सगळी खीर काकांच्या शर्टावर.

संध्याकाळी मरोळला परत आलो तेव्हा ज्योती जिन्यात भेटली. "अहो काका, शर्टावर केवढा डाग पडलाय!"

"भाचीने पाडलाय," काका म्हणाले. किल्ली हातात होती, पण त्यांनी कुलूप उघडलं नाही. दाराला पाठ लावून पॅसेजमध्ये तसेच उभे राहिले, अजून कुणी येऊन विचारतंय का बघत.