आक्काची मागची खोली

एका जंगलात त्रिंबकराव नावाचे साळिंदर राहत होते. जंगल कुठलं ते विचारू नका. मध्ये मध्ये बोललात तर गोष्ट इथेच बंद करीन.

तर त्रिंबकरावांची आई म्हणजे आक्का. ओढ्याला पूर आला, तिचं बीळ वाहून गेलं आणि ती लेकाकडे राहायला आली. लेकाचं बीळ लहान, नातवंडं पाच, आणि सगळ्यांना काटे. कुणी कूस बदलली की कुणीतरी ओरडायचंच. बिचारी आक्का दाराशी झोपू लागली. तिथे वारा झोंबायचा, आणि अजून थंडी यायचीच होती.

"आक्का, मागच्या अंगणात तुला खोली बांधतो," त्रिंबकराव म्हणाले.

"बांधायची कशाला? मी खणते की. एका दुपारचं काम."

खरंच होतं ते. साळिंदरांना खणण्याशिवाय दुसरं येतं काय? पण त्रिंबकरावांना लाज वाटली.

"लोक काय म्हणतील? रीतसर प्लॅन काढायचा असतो, आक्का."

प्लॅन काढायला सुगरण पक्षी आला. घर म्हणजे झाडाला टांगलेलं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने बाभळीला लोंबणारी खोली काढली. "हवा खेळती राहील," म्हणाला.

"अरे, पण मी वर चढू कशी?"

"जिना लागेल. त्याचे कंद वेगळे."

मग परवानगी. ती कासवाकडे. अर्ज वाचायला त्याने महिना घेतला.

"दुसरं घर कशाला? माझं बघा, एकच आहे, तेही पाठीवर. बरं, उद्या तुमच्याकडे हत्ती आला तर उभा कुठे राहणार? तेवढी जागा सोडा."

हसू नका. त्रिंबकरावांनी खरंच सोडली. अख्खं अंगण त्यात गेलं. खोली टांगती होती म्हणून बरं.

मुंग्यांच्या पतसंस्थेने दोनशे कंद कर्ज दिलं. खोली झाली. वास्तुशांतीला सगळं जंगल जेवून गेलं. आक्काने हरखून आपलं गाठोडं बांधलं.

"आक्का, जरा थांब," त्रिंबकराव मान खाजवत म्हणाले. "हप्ता फिटायला नको का? खोली माकडांना भाड्याने दिलीय. त्यांना जिनाही लागत नाही. अकरा महिन्यांचाच करार आहे गं."

आक्काला फार वाईट वाटलं. गाठोडं घेऊन हत्तीच्या जागेत गेली आणि खणू लागली. दुपार कलायच्या आत बीळ तयार. कोरडं, उबदार, ऐसपैस. कितीतरी दिवसांनी तिने पाय लांब केले.

त्रिंबकराव धावत आले. आत डोकावले. त्यांचे डोळे भरून आले.

"आक्का! काय सुंदर केलंयस गं! याचं भाडं किती येईल?"

आक्का आता लेकाच्या दाराशी झोपते. अंगणातल्या बिळात घुशीचं कुटुंब आलंय. माणसं चांगली आहेत. अनामत रक्कमही दिली.

तात्पर्य: म्हाताऱ्या आईसाठी खोली जरूर बांधावी. भाडं चांगलं येतं.